‘आत’ या शब्दाची दालने : कर्जत-खालापूरच्या वाटेवरचे भाषांतर

पनवेलहून कर्जतकडे किंवा खोपोलीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत तीन प्रकारचे फलक हमखास दिसतात. पहिला डोंगराच्या कुशीतील घरकुलांच्या जाहिरातीचा, दुसरा पाताळगंगा परिसरातील कारखान्यांच्या प्रवेशद्वारावरील धोक्याच्या सूचनांचा आणि तिसरा धरण, बोगदा, लेणी अशा ठिकाणांची माहिती देणारा. तिन्ही फलकांवरील मजकूर बहुधा आधी इंग्रजीत तयार होतो आणि मग मराठीत येतो. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. आत काय आहे, आत किती मावते आणि आत कोणी जावे, हेच ते सांगत असतात. ‘आत’ हा शब्द दिसायला लहान असला, तरी भाषांतरकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

मावणे आणि असणे

इंग्रजीत ‘कंटेन’ या क्रियापदाचा कर्ता म्हणजे भांडे. बाटली पाणी ‘कंटेन’ करते, पुस्तक माहिती ‘कंटेन’ करते. मराठीची रीत याच्या उलट आहे. ‘या हंड्यात दोन घागरी पाणी मावते’ या वाक्यात कर्ता पाणी आहे, हंडा ही केवळ जागा आहे. म्हणूनच ‘ही पुस्तिका माहिती समाविष्ट करते’ हे वाक्य व्याकरणात बसले तरी कानाला खटकते. ‘या पुस्तिकेत माहिती आहे’ असे म्हटले की काम होते.

वेळेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. नोटिशीतील ‘विदिन थर्टी डेज’ म्हणजे ‘तीस दिवसांच्या आत’. त्याऐवजी ‘तीस दिवसांत’ असे लिहिले, तर मुदतीविषयी संदिग्धता राहते. काम तीस दिवसांत होईल म्हणजे ते करायला तेवढे दिवस लागतील, असाही अर्थ निघतो. हरकत नोंदविण्याच्या नोटिशीत हा फरक महागात पडू शकतो.

अशी अडचण केवळ मराठीची नाही. मध्य युरोपातील स्लोव्हाक भाषेत आत असणे आणि आत जाणे यांसाठी वेगळे शब्द आहेत. स्थिर वस्तू ‘व्हनूत्री’ असते, आत जाणारा ‘द्नू’ जातो. इंग्रजीतील ‘इनसाइड’ पाहून तेथील भाषांतरकाराला आधी हालचाल आहे की नाही, हे ठरवावे लागते. मराठीत ‘तो आत आहे’ आणि ‘तो आत गेला’ या दोन्हींना एकच ‘आत’ पुरतो. आपला प्रश्न निराळा आहे. तो भिंत कोठे आहे, याचा.

खण, खोली आणि चटई

कोकणातील जुन्या घराला अंगण, ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि माळा अशी क्रमवार रचना असे. परका माणूस ओटीपर्यंत, सोयरा माजघरापर्यंत, हा शिष्टाचार या शब्दांतच होता. इंग्रजी ‘इंटिरिअर’साठी असा एक शब्द जुन्या मराठीत शोधून सापडत नाही, कारण आतला भाग म्हणजे एकसंध पोकळी नव्हती. ती पायऱ्यापायऱ्यांची जागा होती. ‘अंतर्गत सजावट’ हा शब्द पुढे घडवावा लागला.

‘खण’ हा शब्द मात्र आजही उपयोगी पडतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, कपाटाचा कप्पा म्हणजे खण आणि टेबलाचा ओढून उघडायचा भागही खणच. इंग्रजीत यांसाठी तीन शब्द लागतात.

याउलट ‘चटई क्षेत्र’ या शब्दाने सामान्य ग्राहकाला चांगलेच गोंधळात टाकले आहे. ‘फ्लोअर स्पेस इंडेक्स’ला मराठीत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ म्हणतात आणि ‘कार्पेट एरिया’लाही ‘चटई क्षेत्र’. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. निर्देशांक म्हणजे इमारतीच्या सर्व मजल्यांवरील बांधकामाचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असेल, तर सर्व मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येते. घराचे चटई क्षेत्र ही निराळी बाब आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने त्याची व्याख्या निश्चित केली. घरातील वापरायोग्य निव्वळ क्षेत्र त्यात धरले जाते. आतल्या विभाजक भिंतींखालची जागा त्यात येते. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे मार्ग, खासगी बाल्कनी वा व्हरांडा आणि खासगी उघडी गच्ची येत नाही.

कर्जत परिसरातील दुसऱ्या घराच्या जाहिरातीत डोंगर दिसणारी बाल्कनी हेच मोठे आकर्षण असते. कायद्याच्या दृष्टीने ती बाल्कनी घराच्या ‘आत’ नाही. म्हणून करारनाम्यात क्षेत्रफळाचा आकडा वाचताना तो कोणत्या अर्थाने दिला आहे, हे ग्राहकाने विचारून घेणे इष्ट.

जमिनीचे पोट

भाषांतराची उलटी परीक्षा सातबारा उताऱ्यावर होते. ‘पोटखराबा’ म्हणजे धारण केलेल्या जमिनीतील लागवडीस अयोग्य क्षेत्र. खडकाळ तुकडा, नाला, रस्ता असे भाग त्यात येतात. ‘पोटहिस्सा’ म्हणजे भूमापन क्रमांकाचा आतला वाटा. मुंबईहून जमीन घ्यायला आलेल्या आणि इंग्रजीत विचार करणाऱ्या खरेदीदाराला हे शब्द समजावून सांगताना दलालांची तारांबळ उडते. पोटखराब्याकडे दुर्लक्ष झाले, तर खरेदीतील एकूण क्षेत्र आणि कसता येणारे क्षेत्र यांचा मेळ बसत नाही.

येथे दोन भाषांच्या स्वभावातील फरक दिसतो. इंग्रजीत गौण वस्तू मोठ्या वस्तूच्या ‘खाली’ असते. ‘सब’ या उपसर्गाचा मूळ अर्थच तो आहे. मराठीत ती मोठ्या वस्तूच्या ‘पोटात’ असते. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू ही त्याची उदाहरणे. हे शब्द घडविणाऱ्यांनी उपसर्गाचे भाषांतर केले नाही, कल्पनेचे केले. म्हणूनच ते टिकले.

गुहा नव्हे, लेणे

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे येथील बौद्ध शैलगृहांना इंग्रजीत ‘केव्ह्ज’ म्हणतात. शब्दशः भाषांतर करणारा त्यांना ‘गुहा’ म्हणेल. मराठीत गुहा निसर्गाने घडविलेली असते आणि लेणे माणसाने कोरलेले. कोंडाण्याचे चैत्यगृह आणि विहार लाकडी बांधकामाची आठवण ठेवून खडकात खोदले आहेत. ‘गुहा’ म्हटल्याने त्यांच्यामागचे श्रमच पुसले जातात.

पाण्याच्या बाबतीत दोन पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून नवी मुंबईला पाणीपुरवठा होतो. अशा जलाशयाच्या ‘लाइव्ह स्टोरेज’ला मराठीत ‘उपयुक्त साठा’ म्हणतात. हे अर्थाचे भाषांतर झाले. ‘डेड स्टोरेज’ला मात्र ‘मृत साठा’ म्हणतात. हे शब्दाचे भाषांतर आहे. मृत साठ्यातील पाणी कुजलेले नसते. ते विमोचकाच्या पातळीखाली असल्याने आपोआप बाहेर येत नाही, इतकेच. उन्हाळ्यात ‘धरणात केवळ मृत साठा’ अशी बातमी वाचून धास्तावणाऱ्या वाचकाला हा फरक माहीत असावा.

कोंडायचे कोणाला?

२०२० साली करोनाच्या साथीत ‘कंटेनमेंट झोन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. शासकीय मराठीत त्यासाठी ‘प्रतिबंधित क्षेत्र’ हा प्रतिशब्द रूढ झाला. इंग्रजी शब्दाचा रोख रोगावर होता. रोग एका सीमेच्या आत रोखून धरायचा, असा त्याचा अर्थ. मराठी शब्दाचा रोख माणसांकडे वळला. ‘प्रतिबंधित’ हे विशेषण आपण बंदी घातलेल्या गुटख्याला लावतो आणि जेथे प्रवेश नाही अशा जागेलाही. दारापुढे बांबू आडवे लागलेल्या कुटुंबाला आपण आजारी नसून अपराधी आहोत असे वाटले असेल, तर त्यात या शब्दाचाही थोडा वाटा मानावा लागेल. वास्तविक ‘रोगप्रतिबंधक लस’ हा प्रयोग मराठीत जुना आहे. ‘रोगप्रतिबंधक क्षेत्र’ म्हटले असते, तर कोणाला रोखायचे आहे ते स्पष्ट झाले असते.

एका शब्दावर तोललेला जीव

शब्दाची निवड सर्वांत निर्णायक ठरते ती कारखान्यात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये टाकी, खड्डा, नळ, धुराडे किंवा अन्य ‘कन्फाइन्ड स्पेस’मध्ये विषारी वायूचा धोका असताना पुरेशा आकाराची बाहेर पडण्याची वाट असल्याशिवाय कोणालाही उतरविण्यास मनाई करण्यात आली होती. या शब्दाचे ‘मर्यादित जागा’ असे भाषांतर केले, तर वाचणाऱ्याला जागा अरुंद आहे, एवढेच कळते. ‘बंदिस्त जागा’ हे त्याहून बरे. पण वरून उघडा असलेला खोल खड्डाही तितकाच घातक असू शकतो, कारण हवेपेक्षा जड वायू तळाशी साचून राहतो. उघड्या खड्ड्याला ‘बंदिस्त’ म्हणायला कामगाराचे मन तयार होत नाही.

हवेत प्राणवायूचे प्रमाण साधारण २१ टक्के असते. ते साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेले की धोका मानला जातो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू जास्त प्रमाणात असला, तर वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एका चुकीत अनेकांचे प्राण जातात.

मराठी माणसाला हे ज्ञान नवे नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची असते, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत याच अनुभवातून आली. ज्वालाग्राही वायू असलेल्या टाकीत तीच रीत जीवघेणी ठरेल आणि विषारी वायू तर दिव्याला कळतही नाही. कारखान्यात वायुमापक उपकरणाला पर्याय नाही. शब्दाची दिशा मात्र या अनुभवातून घेता येईल. ‘कोंडलेल्या हवेची जागा : तपासणीशिवाय उतरू नये’ असे लिहिल्यास धोका भिंतीत नसून हवेत आहे, हे कामगाराला तत्काळ उमगेल.

आतला गाव

‘इंटिरिअर’चा आणखी एक अर्थ उरतो. इंग्रजी अहवालातील ‘इंटिरिअर व्हिलेज’चे मराठीत ‘दुर्गम गाव’ होते. दुर्गम म्हणजे जेथे जाणे कठीण. हा शब्द बाहेरून जाणाऱ्याच्या बाजूने बोलतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाहन जाईल असा रस्ता नसल्याने मदत पथकांना डोंगर पायी चढावा लागला. वाडीतील ठाकर कुटुंबांसाठी ती जागा दुर्गम नव्हती, ते त्यांचे घर होते. दुर्गम होते ते त्यांच्यासाठी खालचे रुग्णालय आणि कार्यालय.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. त्यांच्याविना मराठीत राज्यकारभार चालता ना. कोश प्रतिशब्द देतो, परंतु फलकापुढे कोण उभे आहे हे तो सांगू शकत नाही. भिंत कोठे आहे, आत कोण आहे आणि वाचणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे तीन प्रश्न भाषांतरकाराने स्वतःला विचारले, तर घर घेणाऱ्याचे पैसे वाचतील आणि टाकीत उतरणाऱ्याचा जीवही.