जळणाचे गणित : मॅन गल्च ते मिसूला

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, मिसूरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची एक अरुंद घळ आहे. त्या दुपारी तेथे पंधरा तरुण हवाई छत्र्यांनी उतरले. दुर्गम जंगलातील वणवे विझवण्यासाठी विमानातून उडी घेणाऱ्या या जवानांना 'स्मोकजंपर' म्हणत. आग फारशी मोठी दिसत नव्हती. आधीपासून तिच्याशी एकटाच झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला आणि तुकडी सोळा जणांची झाली. साधारण दोन तासांनी त्यांतील बहुतेक जण जळून पडलेले होते. दोघांनी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात प्राण सोडला. एकूण मृत तेरा.

घडले ते असे. तुकडी नदीच्या दिशेने उतरत असताना आगीने घळीचे तोंड ओलांडून समोरची वाट अडवली. नायक वॅग्नर डॉज याने सर्वांना उलटे फिरवून चढाकडे पळवले, हत्यारे टाकून द्यायला सांगितली. चढ तीव्र, गुडघ्याला लागणारे गवत वाळून कोळ झालेले, पाठीशी वारा. आग आपल्याला गाठणार हे उमगताच डॉजने काडी ओढून समोरचेच गवत पेटवले आणि त्या जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडला. इतरांना त्याने हाका मारल्या. कोणी थांबले नाही. पाठीमागे ज्वाळा असताना पुढे आणखी आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असावा. डॉज वाचला. आणखी दोघे कड्याच्या फटीतून पलीकडे निसटले.

डॉजच्या त्या काडीत वणव्याच्या शास्त्राचे मूळ सूत्र दडलेले होते. आगीला तीन गोष्टी चालवतात : हवामान, भूमीचा चढउतार आणि जळण. पहिल्या दोन माणसाच्या हाती नाहीत, तिसरी आहे. डॉजने आग विझवली नाही. आगीच्या वाटेतील जळण तेवढे संपवले. या धाग्यात त्या तिसऱ्या गोष्टीचे मोजमाप कसे सुरू झाले आणि ते संगणकापर्यंत कसे पोहोचले, याचा इतिहास आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेची वनसेवा १९०५ साली स्थापन झाली. पाचच वर्षांनी, २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर जंगल वादळी वाऱ्यात भस्मसात झाले. ८० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य आग विझवणारेच होते. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की या वनाधिकाऱ्याने आपली माणसे एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडून, प्रसंगी पिस्तूल रोखून, बहुतेकांचे प्राण वाचवले. एका बाजूला कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले, त्याच्या नावाने ओळखले जाणारे हत्यार आजही अग्निशामकांच्या हाती असते.

कोवळ्या वयात बसलेल्या या धक्क्यातून वनसेवेने एकच धडा घेतला : आग ही शत्रू, आणि तिला उगवतीलाच ठेचायचे. १९३५ मध्ये वनप्रमुख फर्डिनांड सिलकॉक्स यांनी त्याला नियमाचे रूप दिले. कोणत्याही आगीची वर्दी मिळाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेले स्मोकी अस्वल भित्तिपत्रकांवरून मुलांना हाच धडा देऊ लागले.

या धोरणाचे यश हेच त्याचे अपयश ठरले. उत्तर रॉकी पर्वतातील पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगत हलकी आग फिरून जात असे. पाचोळा व झुडपे जळत, जाड सालीचे मोठे वृक्ष टिकत. सेलिशसारखे मूळ रहिवासी स्वतःही ठरावीक ऋतूत अशी आग लावत. ही आग बंद पडली, तसतसा पाचोळा, वाळक्या फांद्या आणि दाटीने वाढलेली रोपे दरवर्षी साठत गेली. दप्तरात विझवलेल्या आगींची संख्या नोंदली जात होती. साठत चाललेल्या जळणाची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती.

अपवाद थोडे होते. हॅरी गिसबोर्न हा संशोधक १९२२ पासून आयडाहोच्या प्रीस्ट रिव्हर केंद्रात लाकडातील ओलावा, वारा आणि आर्द्रता यांची मोजदाद करत होता. वणव्याचा धोका दाखवणारे खिशात मावेल असे मापक त्याने तयार केले होते. मॅन गल्चच्या दुर्घटनेनंतर आगीने तेथे नेमके काय केले हे पाहण्यासाठी तो हृदयविकार असतानाही त्या चढावर गेला. ९ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्या घळीतच, त्याचे हृदय बंद पडले. काहीजण त्याला मॅन गल्चचा चौदावा बळी मानतात, आणि ते फारसे अतिशयोक्त नाही.

दुसरा अपवाद वॉलेस फॉन्स. १९४६ साली त्याने एक साधी, पण दूरवर नेणारी कल्पना मांडली : वणवा म्हणजे एकामागून एक पेट घेणाऱ्या कणांची मालिका. पेटलेला कण पुढच्या कणाला पेटण्याइतका तापवतो, तेव्हा आग एक पाऊल सरकते. असे असेल तर तिचा वेग भौतिकशास्त्राने काढता आला पाहिजे.

१९६० साली मोंटानातील मिसूला येथे वणव्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उघडली. पुढच्याच वर्षी तेथे रिचर्ड रॉथर्मेल हा विमानविद्येचा अभियंता रुजू झाला. त्याआधी तो आयडाहोत जनरल इलेक्ट्रिकसाठी अणुशक्तीवर उडणाऱ्या विमानाच्या प्रकल्पात होता. शीतयुद्धातील ती अचाट योजना १९६१ मध्ये सरकारने गुंडाळली. कधीही न उडालेल्या त्या विमानाकडून वनशास्त्राला एक उष्णतेचा जाणकार मिळाला, एवढा तरी त्या खर्चाचा उपयोग झाला म्हणायचे!

मिसूलाच्या प्रयोगशाळेत प्रचंड वातबोगदे होते. त्यांत लाकडाच्या भुशासारख्या बारीक कातरणांचे आणि पाव-अर्धा इंच जाडीच्या काटक्यांचे थर रचून पेटवले जात. ओलावा, थराची उंची, वारा, एकेक गोष्ट बदलून आगीचा वेग मोजला जाई. गवतावरील वाऱ्याच्या परिणामासाठी ऑस्ट्रेलियातील मॅकआर्थर यांच्या प्रत्यक्ष वणव्यांच्या नोंदी वापरल्या गेल्या. १९७२ मध्ये रॉथर्मेलचे समीकरण प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा एका अपूर्णांकात सांगता येतो. अंशस्थानी पुढच्या जळणाला आगीकडून मिळणारी उष्णता. छेदस्थानी ते जळण पेटण्याच्या बिंदूपर्यंत तापवायला लागणारी उष्णता. भागाकार म्हणजे आगीचा वेग. वारा आणि चढ वरच्या संख्येला फुगवतात. ओलावा खालची संख्या वाढवतो आणि वरची घटवतोही. सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्यात गवताचा वणवा वर धावताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चढाची ही करामत वेगळी समजावून सांगायला नको.

खरी अडचण जळणाची होती. जंगल म्हणजे प्रयोगशाळेतला थर नव्हे. मग ते मोजायचे कसे? एक युक्ती काळाची होती. पाव इंचापेक्षा बारीक काडी हवेतील बदलाला साधारण तासाभरात जुळवून घेते, म्हणून ती 'एक तासाची'. एक इंचापर्यंतची फांदी 'दहा तासांची', तीन इंचांपर्यंतची 'शंभर तासांची'. सकाळच्या दवाने भिजलेले गवत दुपारी का भडकते आणि शेजारचा ओंडका का भडकत नाही, याचे उत्तर या वर्गवारीत आहे. दुसरी युक्ती जेम्स ब्राउन यांनी १९७४ च्या पुस्तिकेत सांगितली : जंगलात सरळ फीत ताणा आणि तिला किती काड्या, किती फांद्या, किती ओंडके छेदतात ते जाडीनुसार मोजा. त्या संख्येवरून एकरी किती टन जळण पडले आहे ते काढता येते. विद्यार्थी आणि हंगामी मजूर यांनी गुडघे टेकून केलेल्या या मोजणीवर पुढचे सारे गणित उभे राहिले.

तरीही प्रत्येक रान असे मोजणे अशक्यच. तेव्हा १९७६ मध्ये फ्रँक अल्बिनी यांनी जळणाचे तेरा ठरावीक नमुने वापरून आलेख तयार केले. आखूड गवत, उंच झुडपी रान, दाट जंगलातला पाचोळा, तोडीनंतर पडलेला फांद्यांचा ढीग, असे ते नमुने. अधिकाऱ्याने समोरच्या रानाशी जुळणारा नमुना निवडायचा आणि पट्टीने रेघा ओढत वेग व ज्वाळेची लांबी वाचायची. आगीच्या छावणीत संगणक नव्हता. कागद आणि पेन्सिल होती. १९७९ च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-५९ या हातातल्या गणनयंत्रात खास चकती बसवून तेच गणित बटणांवर आणले गेले. १९८४ मध्ये पॅट्रिशिया अँड्र्यूज आणि रॉबर्ट बर्गन यांच्या 'बिहेव' प्रणालीचा पहिला भाग आला आणि रॉथर्मेलचे समीकरण संगणकावर स्थिरावले.

दरम्यान धोरणही वळले होते. राष्ट्रीय उद्यानांनी १९६८ मध्ये आणि वनसेवेने १९७८ मध्ये 'सकाळी दहा'चा आग्रह सोडला. विजेने लागलेल्या काही आगी देखरेखीखाली जळू देणे मान्य झाले. मग आले १९८८ चे यलोस्टोन. कडक दुष्काळात उद्यानातील सुमारे ८ लाख एकर क्षेत्राला आगीने वेढले. आग कुठवर जाईल याचे तज्ज्ञांनी नकाशे काढले. आगीने ते ओलांडले. २० ऑगस्टच्या एका दिवसात दीड लाखाहून अधिक एकर जळाले. १९१० च्या त्या भीषण दिवसाची तारीखही हीच!

याचा दोष समीकरणाला देणे मात्र अन्यायाचे आहे. रॉथर्मेलने १९७२ मध्येच मर्यादा सांगितल्या होत्या : हे गणित जमिनीलगतच्या, सलग जळणातून स्थिर गतीने जाणाऱ्या आगीचे आहे. शेंड्याशेंड्यांवरून उसळत जाणारी आग आणि मैलभर पुढे उडून नवी ठिणगी टाकणारे निखारे त्यात बसत नाहीत. साधन हाती आले की त्याच्या कडेला लिहिलेल्या अटी विसरल्या जातात, हे इतिहासात वारंवार दिसते. १९९१ मध्ये रॉथर्मेलने शेंड्यांवरच्या आगीचा अंदाज बांधण्याची वेगळी पद्धत प्रसिद्ध केली.

दोन वर्षांनी तो मॅन गल्चकडे वळला. नॉर्मन मॅक्लीन या लेखकाने म्हातारपणची वर्षे त्या दुर्घटनेचा शोध घेण्यात घालवली होती आणि मिसूलाच्या शास्त्रज्ञांची मदत घेतली होती. चढ, गवत, ओलावा, वारा यांचे अंदाज घालून रॉथर्मेलने मिनिटामिनिटाला आग कुठे आणि माणसे कुठे, याचा आलेख मांडला. दोन रेषा कड्याच्या खालीच एकमेकींना भेटतात. १९९३ च्या त्या अहवालाच्या शीर्षकातच त्याने या शर्यतीला जिंकता न येणारी शर्यत म्हटले. मुले उतरल्यानंतर त्यांच्या हातून काय चुकले, या चाळीस वर्षे चाललेल्या कुजबुजीला ते एक गंभीर उत्तर होते.

नव्वदच्या दशकात मार्क फिनी यांनी 'फारसाइट' ही प्रणाली रचली. तिचा आधार सतराव्या शतकातला आहे. प्रकाशलाटेच्या कडेचा प्रत्येक बिंदू नवी लाट सोडतो, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सचे तत्त्व. फारसाइटमध्ये आगीच्या कडेचा प्रत्येक बिंदू नवी, लंबगोल आग सोडतो. त्या सर्वांची बाहेरची कड म्हणजे पुढच्या घटकेचा वणवा. पुढे उपग्रहचित्रांच्या मदतीने साऱ्या देशाचे जळण ३० मीटरच्या चौकटींत नोंदणारा 'लँडफायर' प्रकल्प आला आणि २००५ मध्ये तेरा नमुन्यांच्या जोडीला चाळीस नवे नमुने.

या साधनांचा सर्वांत मोलाचा उपयोग आग लागण्यापूर्वीचा आहे. सारे जंगल विरळ करणे किंवा नियंत्रितपणे जाळून साफ करणे कोणालाही परवडणारे नाही. फिनी यांनी २००१ मध्ये गणिताने दाखवले, की साफ केलेले तुकडे आगीच्या अपेक्षित दिशेला आडवे, एकमेकांच्या टोकांना झाकतील असे ठेवले, तर थोडा भाग साफ करूनही वणव्याची चाल मंदावते. तुकडा कुठे, हा प्रश्न तुकडा किती या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरला.

आजही या प्रणालींच्या पोटात १९७२ चेच समीकरण चालते. त्याचे सविस्तर विवरण अँड्र्यूज यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. फिनी आणि सहकारी मात्र पुन्हा वातबोगद्याकडे गेले. लेझरने कापलेल्या पुठ्ठ्याच्या दातेरी रांगा पेटवून त्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की बारीक जळण नुसत्या दूरच्या झळीने पेटत नाही. ज्वाळेच्या जिभा थेट त्याला चाटून जातात, तेव्हा पेटते. आग एका काडीवरून दुसऱ्या काडीवर नेमकी कशी जाते, या फॉन्सच्या प्रश्नावर मिसूलात अजून पुठ्ठे जळत आहेत.