दारूची निवड

'दारू' हा शब्द कानी पडला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ औषध असा आहे. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूचे नाव 'अग्नीचे औषध' अशाच अर्थाचे आहे. नवव्या शतकाच्या सुमारास अमरत्वाचे रसायन शोधणाऱ्या चिनी किमयागारांना सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाचा दाहक गुण आढळला, आणि जीवन देऊ पाहणाऱ्या हातांतून जीवन घेणारी वस्तू जन्मास आली. युरोपात तिचा अगदी आरंभीचा उल्लेख करणारा लेखक रॉजर बेकन हा फ्रान्सिस्कन धर्मबंधू होता. १२६७ च्या सुमारास त्याने ती वर्णिली तीही मुलांच्या खेळण्यातील फटाक्याच्या निमित्ताने.

या दीर्घ इतिहासातील एका लहानशा प्रकरणाकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घरी बसून पिस्तुलाची काडतुसे भरणारा मनुष्य दारूची निवड कशी करीत आला, हे ते प्रकरण होय. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा उद्योग आपल्या घरांत शिरण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, आणि ही कथाही मुख्यत्वे तेथलीच आहे.

काडतुसाची चार अंगे असतात : पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शाबूत राहते, आणि चौघांत तीच महाग. ती टाकून देण्यापेक्षा पुन्हा भरावी, हा काटकसरी विचार शेतकऱ्यांना व शिकाऱ्यांना सुचला यात नवल नाही. १८८४ साली कनेटिकट राज्यात जॉन बार्लो यांनी 'आयडियल' नावाची कंपनी काढून त्यासाठी लागणारी हातातील अवजारे घरोघरी पोहोचविली.

त्या काळी निवडीचा प्रश्न सोपा होता. दारू एकच, काळी. फरक केवळ दाणा जाड की बारीक एवढाच. १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ती सुमारे ४० ग्रेन मावे. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत दारूने भरावयाची, मध्ये पोकळी ठेवावयाची नाही, असा दंडक होता. चुकून दुप्पट दारू ओतली तर ती बाहेर सांडे. धुराने डोळे चुरचुरत, नळीत काजळी साचे. परंतु माणसाची चूक माणसाला दिसत असे.

१८८४ सालीच फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने निर्धूम दारू सिद्ध केली. तत्पूर्वी १८४६ मध्ये शोनबाइन यांनी शोधलेल्या स्फोटक कापसाने अनेकांचा घात केला होता. पुढल्याच वर्षी इंग्लंडातील फॅव्हरशॅम येथील कारखाना कामगारांसह उडाला. व्हिएय यांनी त्या कापसाचा लगदा करून, पातळ पत्रे लाटून, त्यांचे तुकडे पाडले व त्याच्या जळण्याला लगाम घातला. तुकड्याचा आकार बदलला की जळण्याचा वेगही बदलतो. तेथून निवडीचा खरा प्रश्न सुरू झाला.

पिस्तुलाची नळी आखूड. तेवढ्यात जळून संपेल अशी त्वरित पेटणारी दारू त्यास हवी. १८९८ साली लाफ्लिन अँड रँड कंपनीने 'बुल्सआय' ही दारू काढली. तिची मागणी शतकाहून अधिक काळ टिकली. मात्र हलक्या गोळीस जे मानवते, ते जड गोळीस मानवत नाही. चिखलात रुतलेल्या भरल्या गाडीला एकदम हिसका दिला तर जू मोडते. ती खांदा लावून रेटावी लागते. तद्वत जड व वेगवान गोळीस सावकाश जळणारी दारू लागते. आयडाहोचा गुरे राखणारा एल्मर कीथ हे अनुभवाने शिकला. १९२५ साली जबर भार दिलेले त्याचे जुने रिव्हॉल्व्हर हातात फुटले. मग त्याने अधिक जाड भिंतीचे हत्यार पत्करले व पुढे '२४००' ही संथ दारू वापरून जे प्रयोग केले, त्यांचीच परिणती १९५५ च्या .४४ मॅग्नम काडतुसात झाली.

आता या प्रगतीची दुसरी बाजू पाहू. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमारास काळ्या दारूसाठी आखले गेले. तिचे वीसएक ग्रेन जेथे मावत, तेथे बुल्सआय तीनचार ग्रेनच लागते. उरलेली पुंगळी रिकामी. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी ती वर येत नाही. गोळी बसली की चूक झाकली जाते आणि बार काढताना प्रकट होते, तीही हाताबोटांच्या मोलाने. दारू मुळीच पडली नाही तर गोळी नळीत अडकते व मागून येणारी दुसरी नळी फोडते. 'कमी घातली म्हणजे धोका नाही' हा समजही सर्वत्र खरा नाही. काही संथ दारू ठरलेल्या मापाहून कमी घातल्यास नीट पेटत नाहीत, म्हणून कारखानदारच तसे न करण्याचे बजावतात.

यामुळे जाणत्यांनी काही नेम घालून घेतले. मेजावर एका वेळी एकच डबा ठेवावयाचा. उरलेली दारू त्याच्याच मूळ डब्यात परत ओतावयाची, कारण रंगारूपावरून दारू ओळखता येत नाही. छापील कोष्टकाबाहेर जावयाचे नाही. गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड धरून डोकावयाचे. आणि दोन दारूंपैकी दोन्ही चालण्याजोग्या असतील तर जी अधिक जागा व्यापते तीच घ्यावयाची, म्हणजे दुप्पट पडलेली डोळ्यांस दिसेल. या शतकाच्या पहिल्या दशकात तर जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठी मध्ये भोक असलेल्या फुगीर चकत्यांची 'ट्रेल बॉस' ही दारू मुद्दाम निघाली. सव्वाशे वर्षांच्या सुधारणेनंतर मनुष्य काळ्या दारूच्या एका जुन्या गुणाकडे परतला!

या इतिहासातून आम्हांला एवढेच दिसते की, साधन जितके समर्थ, तितकी त्यातील चूक अदृश्य होत जाते. काळी दारू चूक सांडून दाखवी. नवी दारू ती पोटात ठेवते. अशा वेळी हुशारीपेक्षा नेमच कामी येतो. शंका आली की भरलेले काडतूस बाजूस काढून मोडावे, असा त्या मेजावरचा शिरस्ता आहे. त्यात एक गोळी वाया जाते, परंतु हात वाचतो. औषधाची मात्रा मोजणारी परिचारिका असो, विजेची तार जोडणारा आपला तरुण असो, शंकेच्या क्षणी थांबण्याची लाज त्यांनी कधीही बाळगू नये.