अवलिया

वर्तमानपत्रांत अधूनमधून एखादा ‘अवलिया’ भेटतोच: कधी माळरानावर झाडं लावणारा, कधी सायकलवरून देश हिंडणारा.

मुळात हा शब्द अनेकवचनी. अरबीत ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या निकटचा, त्याचा मित्र; असे अनेक ते ‘औलिया’. दिल्लीच्या सूफी संत निजामुद्दीनांच्या नावामागे तो आदराने लागला. मराठीने त्याला एकवचनात आणलं आणि साधुत्वात चिमूटभर तऱ्हेवाईकपणा मिसळला. रक्षणकर्ता या अर्थाचा ‘वाली’ त्याच कुळातला, आणि ‘मवाली’सुद्धा!

बंगाली लेखक शरच्चंद्रांच्या ‘श्रीकांत’ कादंबरीतल्या (पहिला भाग १९१७) इंद्रनाथात हे तिघंही नांदतात. रात्री गंगेत होडी घालून कोळ्यांचे मासे चोरणारा हा पोरगा चारचौघांच्या लेखी मवाली. ते मासे विकून आलेल्या पैशांतून तो जिला मदत करतो, त्या अन्नदादीदीचा वाली. आणि काठावरचं अनोळखी मुलाचं प्रेत जात न विचारता होडीत उचलून घेतो, तेव्हा अवलिया. पुढे एक दिवस घर सोडून गेला, तो कायमचाच.

हल्ली अनवाणी फिरणाऱ्यालाही ही पदवी मिळते. तरी ‘विक्षिप्त’ म्हणताना आपण चार पावलं लांब सरकतो. ‘अवलिया’ म्हणताना मात्र त्याचं सगळं खपवून घेतो.