डेकचे लाकडी खांब मातीत गाडू नका, लोखंडी बुटावर उभे करा

नेरे (ता. पनवेल) : माथेरानच्या पायथ्याच्या या पट्ट्यात घरापुढे किंवा फार्महाऊसवर लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटा बांधायचा असेल, तर आधी खांबांचा विचार करा. मांडवाची मेढ मातीत गाडली तरी चालते, कारण मांडव सुटतो. डेक मात्र वर्षानुवर्षं उभा राहतो. गाडलेला खांब कुजतो तो जमिनीलगतच. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, वाळवीलाही वाट मिळते. वरून खांब चांगला दिसतो आणि एक दिवस ओटा खचतो.

पाया : भातखाचराची माती मऊ असते. घट्ट मुरूम लागेपर्यंत, निदान दोन फूट खणा. 1 पाटी सिमेंट, दीड पाटी रेती, 3 पाट्या खडी असं काँक्रीट भरा. माथा जमिनीच्या चार-सहा इंच वर ठेवा आणि पाणी वाहून जाईल असा उतार द्या. 7 दिवस पाणी मारा.

बूट कोणता? : खांब बसेल अशा मापाचा लोखंडी बूट वेल्डिंगवाला बनवून देतो. खांबाचा तळ काँक्रीटपासून किमान एक इंच वर राहिला पाहिजे. बुटात पाणी साचू नये म्हणून तळाला भोक ठेवा. गॅल्व्हनाइज केलेला बूट उत्तम. साधा असेल तर रेडऑक्साइड आणि रंग हवाच.

बोल्ट : ओल्या काँक्रीटमध्येच अँकर बोल्ट बसवणं सर्वात भक्कम. नंतर ड्रिल मारून फास्टनर लावायचे तर घाई नको. काँक्रीटची पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. भोक कडेला घेऊ नका, कड फुटते. बूट आणि खांब आरपार बोल्टने जोडा, नुसत्या खिळ्यांनी नाही. ओळंबा लावूनच नट आवळा.

वाऱ्याचं काय? : 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये घरांचे पत्रे उडाले. डेकवर छप्पर असेल तर वारा खांब वर खेचतो. नुसतं वजन त्याला धरून ठेवत नाही, बोल्टच धरतात.

लाकूड : साग, ऐन टिकाऊ. पण स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी तोडण्याआधी परवानगी घ्या.

दरवर्षी पावसाआधी नट आवळा, गंज खरवडून रंग द्या आणि खांबाच्या तळाला टोकदार सळई टोचून बघा. सळई सहज आत गेली, तर तो खांब लगेच बदला.