साथीच्या काळातील नेत्रसेवा : रौप्यनगरी हुपरीच्या निमित्ताने

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव 'रौप्यनगरी' म्हणून ओळखले जाते. येथे घडलेले चांदीचे पैंजण देशभरातील बाजारपेठांत जातात. हा व्यवसाय मोठ्या कारखान्यांपेक्षा घराघरांतून चालतो. तार ओढणे, कड्या वळवणे, त्या एकमेकींत गुंफणे, सांधे झाळणे, घुंगरू बसवणे ही सारी कामे वीत-दीड वीत अंतरावर नजर रोखून तासन् तास करावी लागतात. डोळा हेच येथील कारागिराचे पहिले हत्यार होय. त्यामुळे साथरोगाच्या काळात डोळ्यांचे दवाखाने बंद पडले तर काय होते, हा प्रश्न अशा गावात केवळ आरोग्याचा राहत नाही. तो रोजीरोटीचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा केली. या तीन वर्षांत नेत्रवैद्यकाने बरेच काही शिकून घेतले. पुढच्या साथीसाठी लहान गावातील दवाखान्याने त्यातून काय उचलावे, याचा हा आढावा.

धोका अधिक का?

वुहान येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ अखेर आपल्या सहकाऱ्यांना नव्या आजाराबाबत सावध केले होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने त्यांचे निधन झाले. बाह्य लक्षणे नसलेल्या काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना संसर्ग झाला असावा, असे मानले जाते. डोळे तपासणे हे काम किती जोखमीचे असू शकते, हे या घटनेने जगापुढे आणले.

स्लिट लॅम्प या यंत्रावर डोळा तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत जेमतेम फूटभर अंतर उरते. ऑप्थाल्मोस्कोप हातात धरून थेट तपासणी करताना तर दोघांचे श्वास एकमेकांना लागतात. प्रतीक्षागृहात वयोवृद्धांची आणि मधुमेहींची संख्या मोठी असते, आणि कोविडचा सर्वाधिक धोका याच गटांना होता. प्रत्यक्षात डोळे लाल होणे हे कोविडचे ठळक लक्षण नव्हते. चीनमधील १०९९ रुग्णांच्या सुरुवातीच्या अभ्यासात ते केवळ ०.८ टक्का रुग्णांत आढळले होते. खरा धोका डोळ्यांतील पाण्यापेक्षा समोरासमोरच्या श्वासाचा होता.

टाळेबंदीतील चित्र

देशात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली. त्या काळात भारतातील नेत्रतज्ज्ञांचे एक सर्वेक्षण झाले. व्यवसायात असलेल्या १२६० उत्तरदात्यांपैकी ७२.५ टक्के डॉक्टर एकही रुग्ण तपासत नसल्याचे त्यात दिसून आले. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रिया जवळजवळ थांबल्या होत्या. भारतात पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू हे आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अशा अंधत्वात त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. शस्त्रक्रिया महिनोन् महिने लांबल्या की या आकड्यामागची माणसे अंधारातच राहतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ ऑगस्ट २०२० रोजी सुरक्षित नेत्रसेवेसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. प्रतिबंधित क्षेत्रांतील सेवा बंद ठेवून अन्यत्र ती खबरदारीने सुरू करावी, असे त्यांचे सूत्र होते. सरसकट बंद किंवा सरसकट सुरू, या दोन टोकांच्या मधला हा मार्ग होता. तो चालायचा तर रुग्णांची वर्गवारी अटळ ठरते.

कोण थांबू शकतो, कोण नाही?

काही तक्रारी तासांच्या हिशेबाने पाहाव्या लागतात. अचानक दृष्टी जाणे, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटणे, प्रकाशाचे लखलखाट दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र वेदना व उलट्या होणे, डोळ्याला भेदून जाणारी जखम होणे, शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखून नजर कमी होणे, यांपैकी काहीही घडले तर साथीचे कारण सांगून रुग्णाला परत पाठवता येत नाही.

हुपरी परिसरात या यादीत आणखी दोन बाबी ठळकपणे घालाव्या लागतील. पहिली, चांदीकामातील इजा. उडालेला धातूचा कण, झाळताना उडालेली ठिणगी, दागिने उजळण्यासाठी वापरलेल्या आम्लाचा शिंतोडा, यांतून डोळ्याला कायमची हानी पोहोचू शकते. आम्ल उडाल्यास दवाखाना गाठण्यापूर्वीच डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे सतत धुणे हाच पहिला उपचार होय. दुसरी बाब उसाची. परिसर साखर कारखानदारीचा आहे. उसाचे पाते डोळ्याला लागून बुबुळाला ओरखडा उठला की त्यात बुरशीचा संसर्ग होण्याची भीती असते. अशा वेळी घरगुती उपाय किंवा दुकानातून स्वतःहून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातल्यास जखम चिघळते आणि बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहू शकतो.

काही रुग्णांचे दुखणे गाजावाजा करीत नाही, तरीही त्यांना थांबता येत नाही. काचबिंदूचे थेंब खंडित झाले तर गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला सूज येऊन ज्यांना डोळ्यात इंजेक्शने सुरू आहेत, त्यांची पाळी चुकणेही महागात पडते. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. ती टाळेबंदी उठण्याची वाट पाहू शकत नाही.

पोटाची निकड

चष्म्याचा नंबर काढणे वैद्यकीय यादीत नेहमीच शेवटी येते. मोठ्या शहरातील नोकरदाराच्या बाबतीत ते योग्यही असेल. परंतु चाळिशी ओलांडलेल्या चांदी कारागिराचा जवळचा चष्मा फुटला तर त्याचे काम त्याच दिवशी थांबते. बारीक कडीचा सांधा अंदाजाने झाळता येत नाही. नेटाने काम रेटले तर माल खराब होतो आणि चांदीचे नुकसान होते. वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असलेली ही तक्रार घरच्या चुलीच्या दृष्टीने तातडीची असते.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक रुग्णाचा नंबर दवाखान्यात नोंदवून ठेवणे आणि त्याची लेखी प्रत रुग्णाला देणे, एवढ्याने नव्या तपासणीविना चष्मा बनवता येतो. जवळच्या कामाचे तयार चष्मे ठरावीक नंबरांत मिळतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असलेल्यास ते तात्पुरते चालतात. चष्म्याच्या दुकानाला आठवड्यातील ठरावीक तास दुरुस्तीसाठी उघडे राहण्याची मुभा मिळावी, ही मागणी नगरपरिषद व प्रशासनाकडे साथ येण्यापूर्वीच मांडून ठेवता येईल.

तपासणीची शिस्त

दवाखान्यातील बदल फार खर्चिक नाहीत. वेळ ठरवूनच रुग्णाला बोलावणे, सोबत एकच नातेवाईक येऊ देणे, दारातच ताप व खोकल्याची विचारपूस करणे, खिडक्या उघड्या ठेवणे या पहिल्या पायऱ्या होत. स्लिट लॅम्पवर पारदर्शक आडपडदा बसवावा, दोघांनीही मास्क लावावा आणि तपासणी चालू असताना बोलणे टाळावे. मास्कची वरची कड चिकटपट्टीने बंद केल्यास भिंगावर वाफ धरत नाही. हवेचा झोत सोडून नेत्रदाब मोजणारे यंत्र शक्यतो वापरू नये, कारण त्या झोताने अश्रूंचे सूक्ष्म तुषार उडू शकतात.

निर्जंतुकीकरणात एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. करोना विषाणूला स्निग्ध आवरण असते. साबण आणि ७० टक्के अल्कोहोल यांनी तो निष्प्रभ होतो. डोळे येण्याच्या साथीमागे अनेकदा असणाऱ्या अॅडेनोव्हायरसला असे आवरण नसते. तो पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकतो आणि अल्कोहोलला सहजी दाद देत नाही. नेत्रदाब मोजताना डोळ्याला टेकणाऱ्या भागासाठी म्हणूनच सौम्य केलेले सोडियम हायपोक्लोराइट अधिक भरवशाचे मानले जाते. त्यानंतर तो भाग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो.

चांदीकामाच्या घरांसाठीही एक सूचना महत्त्वाची आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर ज्वालाग्राही असतो. झाळण्याची ज्योत जेथे पेटते, तेथे हात साबण-पाण्यानेच धुवावेत.

दूरध्वनीवरील सल्ला

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि डॉक्टरांना दूरध्वनी वा चित्रसंवादाद्वारे सल्ला देण्यास स्पष्ट आधार मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी ओपीडी' ही सरकारी सेवा सुरू झाली. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात ७७.५ टक्के नेत्रतज्ज्ञांनी दुरून सल्ला देण्यास सुरुवात केल्याचे आढळले. अर्थात, मोबाइलच्या छायाचित्रावरून पापणीची सूज किंवा डोळ्याची लाली कळते. नेत्रदाब आणि दृष्टिपटल कळत नाही. या पद्धतीचा खरा उपयोग निवड करण्यासाठी होतो. कोणाला लगेच बोलवायचे आणि कोणाला धीर द्यायचा, हे त्यातून ठरते. एकेक डोळा झाकून भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे दिसतात का, एवढी विचारणाही डॉक्टरला बरेच सांगून जाते.

काळ्या बुरशीचा धडा

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिस अर्थात 'काळी बुरशी' या आजाराने नेत्रतज्ज्ञांना थेट महासाथीच्या केंद्रस्थानी आणले. देशातील २८२६ रुग्णांच्या अभ्यासात ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता, तर ८७ टक्के रुग्णांना स्टिरॉइड औषधे दिली गेली होती. सुमारे एक पंचमांश रुग्ण महाराष्ट्रातील होते. गालावर बधिरता, डोळ्याभोवती सूज, पापणी पडणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे ही लक्षणे वेळीच ओळखली तर डोळा आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते. अशा रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञ व मोठे रुग्णालय यांची गरज असते. हुपरीसारख्या गावातून इचलकरंजी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. जुलै २०२१ मध्ये साथ ओसरलेली नसतानाच पंचगंगेला महापूर आला आणि जिल्ह्यातील अनेक मार्ग बंद झाले. रुग्ण कोठे पाठवायचा आणि रस्ता बंद असल्यास कोठे, ही दोन्ही उत्तरे दवाखान्यात लेखी असावीत, हे त्या पावसाळ्याने दाखवून दिले.

डोळ्यांची स्वतःची साथ

डोळे येण्याच्या साथी जुन्याच आहेत. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना येथे दिसलेली रक्तस्रावी नेत्रदाहाची साथ १९७१ मध्ये भारतात पोहोचली. बंगालमध्ये लोकांनी तिला 'जय बांगला' असे नाव दिले होते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली. अशा साथीत काळजी घेतली नाही तर दवाखानाच संसर्गाचे केंद्र बनतो. लाल डोळ्याच्या रुग्णासाठी वेगळी खुर्ची, थेंबांची वेगळी बाटली आणि प्रत्येक रुग्णानंतर हात धुणे ही कोविडकाळातील शिस्त येथेही तितकीच उपयोगी पडते. ज्या घरात चारपाच जण एकाच चटईवर बसून कड्या जोडतात, तेथे आजारी माणसाचा टॉवेल आणि चष्मा वेगळा ठेवला तरी पुष्कळ साधते.

दवाखान्याचे अर्थकारण

लहान दवाखाना बंद राहिला तरी जागेचे भाडे, सहायकांचे पगार आणि यंत्रांच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली होती. मात्र त्या काळाचे व्याज सुरूच होते. तीनचार महिन्यांच्या किमान खर्चाची गंगाजळी हाच अशा वेळी खरा आधार ठरतो. बंद खोलीतील यंत्रांचीही काळजी घ्यावी लागते. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी चढते. आठवड्यातून एकदा यंत्रे सुरू करणे, भिंगांजवळ ओलावा शोषणारी सिलिका जेलची पाकिटे ठेवणे आणि शस्त्रक्रियागृह पुन्हा उघडण्यापूर्वी निर्जंतुक करणे अनिवार्य होय.

साथ येण्याची तारीख कोणाला ठाऊक नसते. पण काचबिंदूचे आणि डोळ्यातील इंजेक्शनांचे रुग्ण कोण, कोणाचा एकच डोळा शाबूत आहे, कोणाचे पोट जवळच्या चष्म्यावर चालते, ही यादी आजही करता येते. एक वही, अद्ययावत दूरध्वनी क्रमांक आणि आशा सेविकांशी संपर्क एवढ्यावर ती तयार होते. पुढची टाळेबंदी आली तर दवाखान्याचे दार किती उघडायचे आणि कोणासाठी उघडायचे, हे त्या वहीवरून ठरवता येईल.