तराजूवरचं जेवण

ऑगस्ट १९२२मध्ये एलिझाबेथ ह्यूज इन्सुलिनसाठी टोरांटोला पोचली तेव्हा तिला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती आणि वजन होतं जेमतेम २० किलो. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, घरात कसली ददात नाही. तरी मधुमेहामुळे मुलगी तीन वर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली अर्धपोटी होती. ही पद्धत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये बसवली होती. लघवीतली साखर जाईपर्यंत कडक उपास, मग तोलून मापून अन्न वाढवायचं, साखर परत दिसली की पुन्हा हात आखडायचा. भाज्या तीनदा उकळून दर वेळी पाणी फेकून देत, म्हणजे उरलासुरला पिष्टांशही निघून जावा. अ‍ॅलन यांच्या एका बारा वर्षांच्या अंध रुग्णाच्या लघवीत साखर येते कुठून, ते कुणाला कळेना. पोरगं टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पाखराचे दाणे खात होतं.

याला आज क्रौर्य म्हणणं सोपं आहे. पण टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. त्या काळी भरपेट जेवणारं असं मूल बहुधा वर्षा-दोन वर्षांतच दगावे. अ‍ॅलन यांनी बरं करण्याचा दावा केला नव्हता, मुदत वाढवली होती, आणि ज्यांना ती पुरली त्यांच्यापर्यंत इन्सुलिन पोचलं. एलिझाबेथ १९८१मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी गेली. माझा आक्षेप पुढच्या साठ वर्षांना आहे. औषध आलं, तरी पथ्याचा जाच का उरला?

बॉस्टनच्या एलियट जॉस्लिनसारख्या डॉक्टरांची कर्मठ शिस्त, हे नेहमीचं उत्तर. मला कारण परीक्षानळीत दिसतं. रुग्णाच्या हाती होतं बेनेडिक्टचं निळं द्रावण: त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं आणि हिरवा, पिवळा की विटकरी रंग येतो ते पाहायचं. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर घसरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, तरी नळी निळीच. त्यात १९३६पासून दिवसभर पुरणारं इन्सुलिन आलं. सकाळी एकदा टोचलं की ते आपल्या चालीने काम करणार, मग भूक असो नसो, घड्याळाच्या काट्यावर जेवावंच लागे. ब्रेस्लाऊचे बालरोगतज्ज्ञ कार्ल श्टोल्टे यांनी १९३०च्या सुमारास मुलांना हवं ते खाऊ देऊन त्यानुसार इन्सुलिन देण्याचा मार्ग धरला. त्यांच्यावर टीका झाली आणि ती निव्वळ हेकटपणाची नव्हती. रक्तातली साखर मोजता येत नसताना मोकळं जेवण म्हणजे अंधारातली चाल.

बोटाच्या थेंबावर साखर दाखवणारं यंत्र १९८०च्या आसपास घरी आलं आणि ड्युसेलडॉर्फमध्ये रुग्णांना जेवणातली कर्बोदकं मोजून त्यापुरतं इन्सुलिन घ्यायला शिकवू लागले. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३मध्ये आले: वारंवार साखर तपासून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांत डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग मात्र तिपटीच्या घरात गेले, हेही सांगायला हवं.

म्हणून कोणी म्हणेल, कर्बोदकंच कमी करा, म्हणजे हिशेबातली चूकही लहान राहील. तर्क खरा आहे; कमी इन्सुलिन म्हणजे कमी चुकणं. पण तो इन्सुलिन चालू असतानाच खरा, आणि वाढत्या मुलाच्या ताटातून काय काढायचं हे डॉक्टरांसोबतच ठरवावं लागतं. आपल्याकडे या हिशेबाची अडचण आणखी घरगुती आहे. पावाच्या कापाचं वजन पाकिटावर छापलेलं असतं. ज्वारीची भाकरी मात्र प्रत्येक हाताची वेगळी. ती एकदा तव्यावरून थेट काट्यावर ठेवून पाहावीच लागते.