गल्लीतली जिम टिकणार कशी? उत्तर तालमीत सापडतं

आजचा भाग जरा वेगळा आहे. लढाई आहे, पण किल्ल्यावरची नाही, चौकातली.

पुणे, ठाणे, डोंबिवली, कुठेही बघा. एकाच रस्त्यावर तीन-चार जिम असतात. एक मोठ्या ब्रँडची, काचेची, एसीवाली. एक ॲपवरून बुक करायची. आणि एक तळमजल्यावरची, जिथे मालक स्वतःच ट्रेनर, स्वतःच कॅशियर आणि रात्री शटर ओढणाराही तोच. या शेवटच्या माणसाने टिकायचं कसं, हा आजचा प्रश्न. आणि उत्तर शोधायला आपण दोनशे वर्षं मागे जाणार आहोत, कारण एवढ्या दाटीत व्यायामाची जागा चालवणं आपल्याला नवीन नाही.

जुन्या पुण्याच्या पेठा आठवा. पेठ म्हणजे चालत दहा-पंधरा मिनिटांचा परिसर. तेवढ्यात अनेक तालमी. नगरकर तालीम, खालकर तालीम, चिंचेची तालीम, ही नावं आजही पत्ता सांगताना वापरली जातात. आता गंमत बघा, सगळीकडे सामान सारखंच! लाल मातीचा हौदा, मुद्गल, मल्लखांब, भिंतीवर मारुती. मग पोरगं या तालमीत जायचं की त्या, हे ठरायचं कशावरून? वस्तादावरून. 'तू कोणाचा पठ्ठा?' हा प्रश्न आधी यायचा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे लहुजी वस्ताद साळवे. जन्म 1794, मृत्यू 1881. मातंग समाजातला हा माणूस पुण्यात तालीम चालवायचा आणि दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकवायचा. जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. ज्या काळात कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यावं यावर नियम होते, त्या काळात वेगवेगळ्या जातींची पोरं त्यांना वस्ताद म्हणत होती. पुढे फुल्यांनी मुलींची आणि अस्पृश्य मुलांची शाळा काढली, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे तालमीत जुळलेलं नातं तालमीबाहेरही कामाला आलं.

आता सामानाचा मुद्दा. आपल्याला वाटतं, चांगली मशीन आणली की गिऱ्हाईक आपलं. पण मुद्गलाचं काय झालं ते ऐका. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात मुद्गल फिरवणारे शिपाई आणि पैलवान पाहिले आणि तो प्रकार मायदेशी नेला. 1834 मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात तो आला. पुढे तो अमेरिकेत पोचला. 1904 आणि 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये 'क्लब स्विंगिंग' नावाची चक्क स्पर्धा होती! सांगायचं इतकंच, की उपकरण कोणीही उचलू शकतो. तुम्ही दहा लाखांची ट्रेडमिल आणलीत, तर समोरचा वीस लाखांची आणेल. त्या शर्यतीत छोटा माणूस हरणारच.

बरं, मग मोठे जिंकतातच का? तेही नाही. विष्णू तळवलकरांनी 1932 मध्ये मुंबईत जिम सुरू केली. नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. 2010 मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात आली, शहराशहरांत शाखा उघडल्या. आणि 2019 मध्ये कर्जरोख्यांचं व्याज थकलं, पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. शाखा वाढवायला कर्ज लागतं, कर्ज फेडायला मेंबर लागतात, आणि मेंबर सतत नवे लागतात.

नवे का लागतात? इथे एक इंटरेस्टिंग अभ्यास आहे. 2006 मध्ये डेला व्हिन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांचा डेटा तपासला. महिन्याला 70 डॉलरहून जास्त देणारे मेंबर सरासरी चार-पाच वेळाच यायचे. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरच्या वर. तिथेच 10 डॉलर खेपेचा पास मिळत होता! माणूस फी भरताना स्वतःबद्दल फार आशावादी असतो, आणि मोठ्या जिमचं बरंचसं गणित या आशेवर चालतं. तुम्ही आला नाहीत तरी तिचं फारसं बिघडत नाही.

तालमीत उलटं होतं. पठ्ठा दोन दिवस दिसला नाही की वस्ताद घरी निरोप धाडायचा. कारण पठ्ठा मैदानात पडला तर नाव वस्तादाचं जायचं. छोट्या जिमवाल्याकडे हीच ताकद आहे. त्याच्याकडे शंभर मेंबर असतील तर शंभर नावं त्याला पाठ असू शकतात. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची शिफ्ट बदलली, हे त्याला माहीत असतं.

पण थांबा, जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये. पुण्याचा मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. हिंदू-मुस्लिम पैलवानांनी मिळून 1887 मध्ये, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्या आधी तो बसवला असं सांगतात. आज गणपती दिमाखात बसतो, मिरवणूक निघते, पण ती तालीम राहिलेली नाही. गल्लीचा जीव असलेली जागाही जाऊ शकते. शिवाय बहुतेक तालमींनी बायकांना दारातच थांबवलं. म्हणजे अर्धी वस्ती स्वतःहून सोडून दिली.

ज्यांनी दार उघडलं त्यांचं काय झालं? दादरला शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर बघा. 1925 सालचं. शंभर वर्षं झाली. तिथे मुली दोरीच्या मल्लखांबावर लीलया चढतात, अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला गेला. 2019 मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली, परदेशी खेळाडू आले. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. एक लाकडी खांब, एक दोरी आणि शिकवणारी माणसं, एवढ्यावर हे उभं राहिलं.

आता प्रामाणिक हिशोब. जुन्या तालमींना बऱ्याचदा जागा देणगीत किंवा समाजाकडून मिळालेली असायची. आजच्या जिमवाल्याच्या मानेवर दर महिन्याला भाडं बसलेलं असतं. त्यामुळे नुसत्या आपुलकीने शटर उघडं राहणार नाही. पण इतिहास एक दिशा दाखवतो. दुपारी रिकाम्या पडलेल्या हॉलमध्ये गृहिणींची बॅच घ्या, आजी-आजोबांची घ्या. वर्षाच्या डिस्काउंटमागे न धावता महिन्याची फी ठेवा, आणि माणूस पुढच्या महिन्यात का येईल याचा विचार करा. आठवडाभर न आलेल्याला एक फोन करा. एसी लावणं ब्रँडला जमतं, पण तुमच्या आईचं ऑपरेशन कसं झालं हे विचारणं त्याच्या ॲपला जमत नाही.

आणि आपण, म्हणजे मेंबर लोकांनी? पुढच्या वेळी फी भरताना मशीन मोजू नका. दहा दिवस आला नाहीत तर इथे कोणाच्या लक्षात येईल का, एवढंच विचारा. उत्तर 'हो' असेल, तर तिथे तुम्हाला वस्ताद भेटलाय असं समजा.

तुमच्या भागातल्या जुन्या तालमीची गोष्ट माहीत असेल तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, दहा बैठका माझ्याकडून!